गावाचा संघ, नावाचा संघ

धान कापून झाले, मळणी आटोपली आणि घरात चार पोती येऊन पडली, की आमच्या झाडीपट्टीत दोन गोष्टींना ऊत येतो. एक नाटकांना आणि दुसरी कबड्डीच्या सामन्यांना. नाटकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या, रात्रभर चालणारे प्रयोग, मंडईच्या दिवशी पाहुण्यांनी भरलेली घरे ही सारी हकीकत आता पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही ठाऊक झाली आहे. कबड्डीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. वास्तविक दोहोंचा पेंडाल एकाच तऱ्हेचा, प्रेक्षकही तेच, आणि थंडीही तीच. दिव्यांच्या उजेडात पहाटेपर्यंत सामने चालतात, शेकोटीभोवती म्हातारी माणसे बसतात, आणि पकड फसली की मैदानातल्या पोरांपेक्षा हीच मंडळी अधिक हळहळतात.

ह्या सामन्यांना येणाऱ्या संघांच्या नावांत एक अलिखित नियम आहे. नावाचा पहिला शब्द देवाचा किंवा महापुरुषाचा असतो. कुणी बजरंगाचे नाव घेतो, कुणी शिवाजी महाराजांचे, कुणी बाबासाहेबांचे, तर कुणी बिरसा मुंडांचे. मधला शब्द 'क्रीडा मंडळ' हा. आणि शेवटचा शब्द गावाचा. हा शेवटचा शब्दच खरा महत्त्वाचा. ध्वनिक्षेपकावरून तो उच्चारला गेला की त्या गावची माणसे सरसावून बसतात. हरला तर संघ हरत नाही, गाव हरते.

गेल्या दहा-बारा वर्षांत ह्या पोरांच्या अंगावर एक नवे नाव दिसू लागले आहे. नारिंगी रंगाचा सदरा आणि त्यावर 'पुणेरी पलटण'. ब्रह्मपुरीहून पुणे आठशे किलोमीटरांच्या घरात आहे. ह्यांतील बहुतेकांनी पुणे पाहिलेले नाही. तरी पलटण जिंकली की ही मुले आनंदाने नाचतात आणि हरली की दुसऱ्या दिवशी वर्गात तोंड पाडून बसतात. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हे दिसते आणि त्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. ही पलटण कुणाची? पुण्याची? जिने पैसे ओतले त्या कंपनीची? खेळणाऱ्यांची? की नारिंगी सदरा घालणाऱ्या ह्या पोरांची? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडा इतिहास चाळावा लागतो.

१

बास्केटबॉलचा जनक सांगता येतो. जेम्स नायस्मिथ नावाच्या एका व्यायामशिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, हिवाळ्यात कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी, भिंतीला टोपल्या टांगून तो खेळ रचला. दिवस ठाऊक, गाव ठाऊक, नियम किती होते तेही ठाऊक: तेरा. कबड्डीचे तसे नाही. तिला जनक नाही आणि जन्मतिथीही नाही. पश्चिम महाराष्ट्रात ती हुतुतू, बंगालकडे हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू. ह्या खेळाला लागतो एक दम आणि दुसरी जमीन. टोपलीसुद्धा लागत नाही. म्हणूनच तो गरिबाचा झाला आणि गरिबाचा म्हणून फार काळ कागदावर आला नाही.

कागदावर तो आणला महाराष्ट्रातील व्यायामवेड्या मंडळींनी. विसाव्या शतकाच्या आरंभीचा तो काळ जिमखान्यांचा आणि आखाड्यांचा होता. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. आमच्या विदर्भात अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याचे रोप लावले आणि त्याचा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ नावाचा वटवृक्ष झाला. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि अखिल भारतीय म्हणावी अशी स्पर्धा भरविली. तोपर्यंत संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन तऱ्हांनी हा खेळ चाले. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. गामिनीत बाद झाला तो सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसे. अमरात बाद होऊनही मैदान सोडावे लागत नसे, नुसता गुण मोजला जाई. आजची कबड्डी ही मुख्यतः संजीवनीची लेक आहे. जेथे एक पडला म्हणजे दुसरा उठतो असा हा खेळ. ह्याला संजीवनी हे नाव ज्याने दिले तो नुसता पंच नसावा, त्याच्या अंगी कवीचाही अंश असावा.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा अमरावतीच्या ह्या मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने जगाच्या पाहुण्यांसमोर आपले देशी खेळ करून दाखविले. त्यांत कबड्डी होती. विदर्भातल्या कापसाच्या गावातून निघून, बोटीने समुद्र ओलांडून, लंगोट कसून परक्या मैदानावर उभे राहणाऱ्या त्या माणसांना कुणी विकत घेतले नव्हते. वर्गणीच्या आणि देणगीच्या पैशावर ती गेली होती. १९३८ साली कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मराठी मुलखात ह्या खेळासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी ह्यांचे नाव पहिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

ह्या सर्व काळात कबड्डीचा संघ म्हणजे मंडळ. मुंबईत लालबाग, परळ, दादरच्या चाळींत मंडळे उभी राहिली. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, की पोरे मैदानावर. त्याच मंडळाचा गणपती, त्याचीच व्यायामशाळा, त्याचीच वाचनालयाची कपाटे. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली ती एक संस्था. तिचा अध्यक्ष निवडावा लागे, तिचा हिशेब दाखवावा लागे, आणि ती कुणाला विकता येत नसे. कारण ती कुणा एकाची नव्हतीच.

पण एक गोष्ट येथे लपवून चालणार नाही. मंडळाने मुलाला खेळ दिला, नाव दिले, भाकरी दिली नाही. भाकरी मिळाली ती रेल्वेत, बँकेत, पोलिसांत, तेल कंपन्यांत आणि महिंद्रसारख्या कारखान्यांत. चांगला खेळणारा मुलगा हेरून ह्या आस्थापना त्याला नोकरी देत आणि मग तो त्यांच्या संघाकडून खेळे. १९७२ साली सदानंद शेट्ये ह्यांच्या रूपाने कबड्डीला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने चूल पेटत नाही. ज्याला नोकरी मिळाली तो तरला. ज्याला मिळाली नाही त्याचे गुडघे पस्तिशीत गेले आणि भिंतीवरच्या ढाली तेवढ्या राहिल्या. जुन्या काळाचे गोडवे गाताना ही बाजू विसरणे म्हणजे त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

२

२०१४ साली जे घडले ते ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्या वर्षी २६ जुलैला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ, प्रत्येकाला शहराचे किंवा प्रांताचे नाव आणि मागे एक कंपनी किंवा एखादा धनिक. पुण्याच्या नावाचा संघ इन्शुअरकोट स्पोर्ट्स ह्या कंपनीने घेतला आणि त्याचे नाव ठेविले पुणेरी पलटण. मुंबईचा संघ यू मुंबा. खेळाडू आले लिलावातून. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली: बारा लाख ऐंशी हजार, आणि ती लावली पाटण्याने. कबड्डीत एवढा पैसा असतो हे तोवर कुणाच्या स्वप्नातही नव्हते. २०२३ साली पवन सेहरावत ह्या चढाईबहाद्दरावर तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाख पन्नास हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट!

खेळही बदलला. मातीच्या जागी मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ बांधले गेले. तिसरी चढाई कोरी गेली तर गडी बाद हा नियम आल्यामुळे निदान रेषेपाशी घुटमळून वेळ काढण्याची जुनी कला संपली. पूर्वी पंच कान देऊन दम ऐकत. आता प्रेक्षक डोळे लावून घड्याळ पाहतात. जुन्या जाणत्यांना हे रुचत नाही. परंतु घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बायका-मुले बसून कबड्डी पाहू लागली आणि 'हा उनाडांचा खेळ' म्हणणाऱ्या बापांची तोंडे बंद झाली, हेही तितकेच खरे. आमच्या शाळेत कबड्डीच्या तासाला मुलांना पाठवू नका म्हणून सांगायला येणारे पालक आता येत नाहीत.

आता पलटणीचा इतिहास. तो चढउतारांचा आहे. पहिल्या दोन हंगामांत पलटण तळाला होती. पुण्याच्या ह्या पहिल्या संघाचा कर्णधार वझीर सिंग हा हरयाणाचा. तिसऱ्या आणि चौथ्या हंगामांत तिसरा क्रमांक मिळाला. मग काही वर्षे बरी-वाईट गेली. दरम्यान एक शहाणपणाची गोष्ट संघचालकांनी केली. नुसत्या लिलावावर न विसंबता कोवळी पोरे गोळा करून त्यांना शिकविण्याची व्यवस्था उभारली आणि युवा पलटण नावाचा दुसरा संघ तयार केला. त्या धोरणाची फळे पुढे दिसली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार, साताऱ्याकडचा पंकज मोहिते, नाशिककडचा आकाश शिंदे अशी मराठी मुलखातील मुले पुढे आली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात उतरली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली.

त्यानंतरचे वर्ष मला एखाद्या कादंबरीसारखे वाटते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस इराण. गुणावरून तंटा झाला, खेळ बराच वेळ थांबला, आणि शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. भारताच्या संघात अस्लम इनामदार होता. इराणच्या संघात मोहम्मदरझा शादलुई. दोन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणीने ह्याच शादलुईला दोन कोटी पस्तीस लाखांना घेतले. परवाचे प्रतिस्पर्धी आज एका सदऱ्यात! त्या हंगामात पलटणीने साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सना २८-२५ असे नमवून पहिले अजिंक्यपद मिळविले. अस्लम कर्णधार होता, बी. सी. रमेश हे प्रशिक्षक होते, आणि पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपून सामन्याचे पारडे फिरविले होते. इराणचा पकडबहाद्दर आणि टाकळीभानचा कर्णधार ह्यांनी मिळून पुण्याचे नाव उंच केले. मी त्या रात्री आनंद मानला आणि तो खोटा नव्हता.

मात्र पुढचे पान लगेच उलटते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात पुन्हा लिलाव झाला. शादलुई दोन कोटी सात लाखांना हरयाणाकडे गेला. अस्लम जायबंदी झाला. गतविजेती पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना झाला तो कोठे? पुण्यात, बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत. चषक उंचावला हरयाणाने, आणि त्या संघात शादलुई होता. पुण्याच्या अंगणात, आदल्या वर्षीचा पुण्याचा वीर, पुण्याबाहेरच्या संघासाठी जिंकला. त्याला बोल लावता येत नाही. बोली लागली तिकडे तो गेला. त्याचा तो धर्मच आहे.

२०२५ साली तर आणखी एक नवल झाले. त्या हंगामाचे सामने विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली ह्या चार शहरांत झाले. पुणेरी पलटण फार सुंदर खेळली, थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी थोडक्यात हरली. पण त्या साऱ्या हंगामात पुण्यात एकही सामना झाला नाही. ज्याला पुणेरी म्हणायचे त्या संघाला आपल्या डोळ्यांनी पाहायचे तर पुणेकराला आगगाडीचे तिकीट काढावे लागले. त्या अर्थाने त्या वर्षी पुणेकर आणि ब्रह्मपुरीकर एकाच पायरीवर होते. दोघेही पडद्यापुढे!

३

पैसा आला की असेच व्हायचे, असे कुणी म्हणेल. ते तितकेसे खरे नाही, आणि ह्यासाठी मी वाचकांना थोडा वेळ फ्रान्समध्ये नेतो. त्या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पिरिनीज पर्वताच्या पायथ्याकडे, बेआर्न नावाचा प्रांत आहे. त्यात ऑर्तेझ नावाचे एक गाव आहे. नदीवर जुना दगडी पूल, मंगळवारचा बाजार, आणि वस्ती दहा हजारांच्या आसपास. म्हणजे आमची ब्रह्मपुरी त्याहून तिपटीने मोठी. ह्या गावात १९०८ साली एक क्रीडामंडळ निघाले. नाव एलाँ बेआर्ने, म्हणजे बेआर्नची उसळी म्हणा की झेप. फ्रान्समध्ये अशी मंडळे १९०१ च्या संस्था कायद्याखाली नोंदवितात. त्यांचीही वर्गणी, त्यांचाही अध्यक्ष, त्यांचाही हिशेब. आपल्या मंडळांचीच ती परदेशी भावंडे.

ह्या मंडळाचा बास्केटबॉलचा संघ हळूहळू वर चढत गेला. तिकडची रीत अशी की वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली उतरतात आणि खालच्या श्रेणीतील पहिले वर जातात. कितीही लहान गाव असो, जिंकत राहिले तर त्याला वरची पायरी नाकारता येत नाही. ऑर्तेझचा संघ असा पायरी-पायरीने देशाच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला. खेळायला जागा होती ती गावच्या बाजाराची छपरी. ज्या छपराखाली बाजार भरे त्याच छपराखाली सामने होत, आणि लोक इतके दाटीने बसत की पॅरिसच्या मोठ्या संघांना तेथे यायची धास्ती वाटे. १९८४ साली ह्या संघाने युरोपातील कोराच चषकाच्या अंतिम सामन्यात बेलग्रेडच्या रेड स्टारला ९७-७३ असे हरविले. १९८६ आणि १९८७ साली तो फ्रान्सचा विजेता झाला. दहा हजारांचे गाव आणि साऱ्या देशाचे अजिंक्यपद!

पण ह्या गोष्टीचा शेवट गोड करून सांगितला तर ती खोटी होईल. वर चढल्यावर खर्च वाढला, बाजाराची छपरी पुरेना. १९८९ साली संघ चाळीस किलोमीटरांवरच्या पो ह्या शहरी गेला आणि पो-ऑर्तेझ झाला. १९९१ साली त्याच्यासाठी तेथे भव्य क्रीडागृह उघडले. मग वैभवाचे दिवस आले. २००४ पर्यंत अजिंक्यपदांची संख्या नऊ झाली. पण ज्या गावाने त्याला वाढविले त्याच्या वाट्याला नावातला अर्धा शब्द राहिला, आणि पुढे तोही गेला. २००९ साली हा मानकरी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. एका वर्षात पुन्हा वर आला. २०२१ साली अमेरिकी गुंतवणूकदार आले. २०२२ साली फ्रान्सचा चषक जिंकला आणि त्याच वर्षी पैशाचा असा घोळ उघडा झाला की मंडळ बुडते की काय अशी पाळी आली.

म्हणजे बाजार तिकडेही आहे. संघ तिकडेही गाव सोडतो, धनी तिकडेही बदलतो. फरक आहे तो एकाच गोष्टीत. ऑर्तेझला शिडी होती. ती शिडी जमिनीवर टेकलेली होती. तिची पहिली पायरी गावच्या छपरीत होती. वर गेल्यावर काय झाले ते झाले, पण वर जाण्याचा हक्क कुणाच्या मेहेरबानीवर नव्हता. आणि जो हक्काने चढतो तो हक्काने पडतोही, पो-ऑर्तेझही पडला.

आपल्याकडे आठाचे बारा संघ झाले ते २०१७ साली, पण ते कुणी खालून जिंकून वर आले म्हणून नव्हे. नवे धनी मिळाले म्हणून. तळाला राहिलेला संघ खाली उतरत नाही आणि गावोगावचे सामने जिंकणारा संघ वर जात नाही. पुणेरी पलटण पहिली दोन वर्षे शेवटची आली, तरी तिसऱ्या वर्षी तिची जागा तशीच होती. झाडीपट्टीतले एखादे मंडळ वीस वर्षे अजिंक्य राहिले तरी त्याला ह्या स्पर्धेचे दार नाही. गावचा मुलगा जाऊ शकतो. गाव जाऊ शकत नाही. टाकळीभानचा अस्लम गेला, आणि तो गेला हे फार चांगले झाले. पण टाकळीभान हे नाव फलकावर लागले नाही. लागणारही नाही.

४

ह्यावर एक सरळ उत्तर आहे आणि ते मी स्वतःलाच पुष्कळदा दिले आहे. नावाला काय करायचे? पोराला पैसे मिळाले, आईचे कष्ट संपले, घराला स्लॅब पडला, हे कमी आहे काय? मुळीच कमी नाही. मंडळाच्या काळात गुडघे गमावून बसलेल्या माणसाला विचारा. तो लिलावाला नावे ठेवणार नाही. रेल्वेची नोकरी मिळो म्हणून साहेबांच्या दारात उभे राहण्यापेक्षा आपली किंमत चारचौघांत बोलली जाणे त्याला अधिक मानाचे वाटेल. लिलाव हा शब्द आपल्या कानाला टोचतो, कारण आपण तो गुरांच्या बाजारात ऐकलेला असतो. खेळणाऱ्याच्या कानाला तो तसा टोचत नाही.

तरीही हिशेब तेथे संपत नाही. बारा संघांत मिळून खेळाडू बसतात ते दोन-तीनशे. खेळणारी पोरे महाराष्ट्रातच हजारोंनी आहेत. जे लिलावात गेले नाहीत त्यांचे काय? त्यांच्यासाठी आजही तालुक्याची स्पर्धा आहे, जिल्ह्याची आहे, विदर्भाचा वेगळा संघ आहे, शालेय सामने आहेत. पण ह्या साऱ्या पायऱ्या एका भिंतीशी येऊन थांबतात. भिंतीच्या वरून एक दोर खाली सोडलेला आहे. जो एकटा त्याला लटकेल तो वर ओढला जाईल. ज्या सहा गड्यांनी साखळी धरून त्याला पकड शिकविली ते खालीच राहतील. कबड्डी हा सात जणांचा खेळ आहे, आणि संजीवनीचा अर्थच असा की एकाने गुण आणला की बाहेर बसलेला दुसरा आत येतो. आपण खेळाचा नियम राखला आणि खेळाभोवतीच्या व्यवस्थेतून तो काढून टाकला.

शिडी पुन्हा बांधता येणार नाही असे नाही. मंडळांची तालुका, जिल्हा, विभाग अशी श्रेणी लावावी, खालून वर येण्याचा हक्क ठेवावा, आणि सर्वांत वरच्या स्पर्धेत वर्षाकाठी निदान एक जागा त्या हक्काने भरावी. तेथे येणारे मंडळ कदाचित पहिल्याच वर्षी सगळे सामने हरेल. हरू द्या. पलटणही हरलीच होती. धनिक लोक म्हणतील की आम्ही पैसे घालून जागा घेतली ती हरण्याच्या भीतीने का सोडावी? त्यांचे म्हणणे व्यापाराच्या हिशेबाने रास्त आहे. प्रश्न एवढाच की खेळाचा हिशेब त्याच वहीत मांडायचा की नाही.

आणि ते होईपर्यंत आपल्या हातात असलेले एक काम आहे. पुणेरी पलटणीचा इतिहास लिहिणे मला सोपे गेले, कारण तिच्या प्रत्येक चढाईची नोंद आहे. कोणी किती गुण आणले, कोणाची किंमत किती, सारे आकड्यांत सापडते. परंतु अवघ्या बारा वर्षांच्या ह्या पलटणीपेक्षा तिपटीने, चौपटीने जुनी मंडळे गावोगाव आहेत आणि त्यांची नोंद कुठेच नाही. कुणाच्या माळ्यावर वर्गणीची वही आहे, कुणाच्या समाजमंदिरात गंजलेली ढाल आहे, कुणा म्हाताऱ्याला अजून सातही गड्यांची नावे पाठ आहेत. वहीला वाळवी लागते, ढाल भंगारात जाते आणि म्हातारा एका हिवाळ्यात शेकोटीपाशी दिसेनासा होतो. मी माझ्या वर्गातील मुलांना सध्या एवढेच सांगतो की नारिंगी सदरा खुशाल घाला; पण आपल्या गावच्या मंडळाने पहिला सामना कोणत्या साली आणि कुणाशी खेळला, हे घरी विचारून वहीत लिहून आणा. सतरा मुलांनी आतापर्यंत लिहून आणले आहे. त्यांत दोन ठिकाणी सालावरून घरात भांडण झाले, असेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. ती भांडणे वाचून मला फार बरे वाटले. ज्या संघाच्या सालावरून घरात भांडण होते तो संघ कुणाचा, हे त्या घराला विचारावे लागत नाही.